नवरा सात आठवडे फक्त फळांवर आहे, भाकरी-भात खरंच इतका वाईट असतो का?

निफाडची_लेक (नाशिक)

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

आमचे हे ४६ वर्षांचे, वजन ८८ होतं. जानेवारीत ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले लगेच गोळी नको, वजन उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी बघू. ते ऐकून हे चांगलेच घाबरले कारण माझ्या सासऱ्यांचा पाय शुगरमुळेच गेला होता. आणि मग सकाळच्या चालण्याच्या ग्रुपमधल्या एकाने ह्यांच्या डोक्यात घातलं की सगळ्या रोगांचं मूळ शिजवलेल्या धान्यात आहे, माणूस मुळात फळं खाणारा प्राणी, धान्य आतड्याला चिकटतं वगैरे. त्या दिवसापासून पोळी, भाकरी, भात, डाळ, दूध, दही सगळं बंद. तेलाचा थेंब नाही.

रोजचं खाणं असं: सकाळी अर्धी पपई, अकराला चार केळी, दुपारी अर्धा किलो द्राक्षं, चारच्या सुमारास दोन चिकू, रात्री परत चार केळी आणि थोडे खजूर. सात आठवड्यांत सहा किलो उतरलं, पोट साफ होतं, ते म्हणतात हलकं वाटतं. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण दुपारनंतर माणूस गळून जातो, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते, उन्हाळा सुरू झाला तरी हातपाय गार, दात आंबतात, आणि चिडचिड तर विचारू नका. मागच्या रविवारी सासूबाई भाकऱ्या करत होत्या, तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि हे किचनच्या दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटं नुसते बघत होते, मग काही न बोलता गॅलरीत निघून गेले. सासूबाईंनी भाकरी टोपल्यात ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. मला ते बघवलं नाही हो.

इकडे माझी नणंद अमेरिकेत असते, तिने बरोब्बर उलटं पाठवलंय. तिथले डॉक्टर मॅकडुगल म्हणून होते, ते म्हणायचे की पोट भरायचं ते स्टार्चनेच, म्हणजे भात, बटाटा, रताळं, मका, कडधान्य, आणि फळं तोंडी लावण्यापुरती. तेही व्हीगन म्हणजे दूध-दहीसुद्धा नाही, तेही बिनतेलाचं, त्यांच्याकडेही लोकांचे रिपोर्ट सुधारलेले. मग दोघांतलं खरं काय? ह्यांच्याशी वाद घालायला माझ्याकडे मुद्दे नाहीत आणि आता चौदा वर्षांचा मुलगा म्हणतोय मी पण पप्पांसारखं करणार. माझा जीव तिथे अडकलाय. ज्यांना माहिती आहे किंवा ज्यांनी करून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

---

आहार_आणि_आकडे (सोलापूर)

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, पंधरा वर्षं हेच काम करतेय. सगळ्यात आधी मुलाचं. त्याला हे अजिबात करू देऊ नका, चौदाव्या वर्षी उंची, हाडं, स्नायू सगळं एकदम वाढत असतं आणि त्याला लागणारं प्रोटीन, कॅल्शियम, लोह, बी१२ फळांतून निघत नाही. ह्यावर घरात चर्चासुद्धा नको, सरळ नाही म्हणा.

आता मिस्टरांचं. तुम्ही लिहिलंत ते मी मोजलं. साधारण १६०० कॅलरी होतात आणि प्रोटीन जेमतेम १८ ते २० ग्रॅम. आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम लागतं, म्हणजे हे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहेत. वजन उतरलं ते कॅलरी कमी झाल्यामुळे आणि बिस्किटं, फरसाण, रात्रीचा पोटभर भात एकदम बंद झाल्यामुळे, त्यात फळांची वेगळी जादू नाही. आणि त्या सहा किलोंत चरबीबरोबर स्नायूपण गेलेले असणार, त्यामुळेच गळून गेल्यासारखं होतंय. शुगरच्या माणसाने स्नायू घालवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं, कारण जेवणानंतर रक्तातलं ग्लुकोज सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच.

मी पेशंटला एक साधा हिशोब कागदावर करून दाखवते. समजा २००० कॅलरी एकाच वस्तूतून घ्यायच्या. केळी १९-२० लागतील, प्रोटीन मिळेल २५ ग्रॅमच्या आसपास. पपई घेतली तर पाच किलो खावी लागेल. ज्वारीचं पीठ सहाशे ग्रॅमपेक्षा थोडं कमी लागेल आणि त्यातून ५८-६० ग्रॅम प्रोटीन येईल. तांदूळ घेतला तर चाळीसच्या वर. बटाटा अडीच किलोच्या वर लागेल पण त्यातूनही पन्नास ग्रॅमपर्यंत मिळतं. दिवसभर एवढंच खा असं मी म्हणत नाहीये, फक्त पोट भरताना बरोबर काय येतं ते बघा. धान्याने पोट भरलं की प्रोटीन आपोआप बरंचसं येऊन जातं, फळांनी भरलं की येत नाही. शिवाय बाजरीत शंभर ग्रॅमला साधारण ६ मिलिग्रॅम लोह, नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, ह्याच्या जवळपास जाणारं रोजच्या खाण्यातलं एक फळ नाही.

उलट फळं जिथे पुढे आहेत तिथे धान्य कमी पडतं. व्हिटॅमिन सी धान्यात जवळजवळ शून्य, आणि एका पेरूत दिवसाची गरज भागून वर उरतं. पपई-आंब्यातलं कॅरोटीन, केळ्या-संत्र्यातलं पोटॅशियम, हे सगळं हवंच.

आणि फळातली साखर म्हणजे विष, हेही मनातून काढा. २०१३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८७ हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात अख्खी फळं खाणाऱ्यांत, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, टाइप टू डायबेटिसचं प्रमाण कमी दिसलं आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. पण ती माणसं जेवण करून वर फळं खात होती, जेवणाच्या जागी फळं नाही.

आत्ता लगेच ह्या टेस्ट करा: बी१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), एचबीएवनसी. रिपोर्ट आले की इथे टाका.

---

कोथरूड_सायकलवाला (पुणे)

मी हे पाच महिने केलंय ताई, २०१९ मध्ये, तेव्हा २७ वर्षांचा होतो, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात काय चाललंय ते मला आतून माहिती आहे. पहिला दीड महिना खरंच भारी वाटतं. ॲसिडिटी गेली, चेहऱ्यावरचे फोड गेले, सायकलवर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत असा जायचो की विचारू नका. तेव्हा कोणी काही बोललं की वाटायचं ह्यांना कळत नाही, ह्यांचं शरीर अजून साफ झालेलं नाही. चक्कर आली की ग्रुपमधले सांगायचे टॉक्सिन बाहेर पडतायत. हे वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण शरीर काहीतरी मागतंय आणि तुम्ही त्याला शाबासकी समजता.

तिसऱ्या महिन्यात केस. अंघोळीनंतर जाळीवर एवढा पुंजका यायचा की आई रोज न बोलता उचलून टाकायची. मग थंडी वाजणं, मग झोपेत जेवणाची स्वप्नं पडायला लागली, खरं सांगतोय, पिठलं-भाताची स्वप्नं. आणि दात. डेंटिस्टने आरसा धरून दाखवलं, पुढच्या दातांच्या कडा पातळ होऊन काचेसारख्या झाल्या होत्या. दिवसातून दहा वेळा तोंडात आंबट-गोड गेल्यावर इनॅमल टिकणार कसं, आणि मी प्रत्येक वेळी लगेच ब्रश करायचो, ते तर आणखी वाईट, कारण ॲसिडने मऊ झालेलं इनॅमल ब्रशने घासलं जातं. त्यांना सांगा की फळ खाल्लं की साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश नको.

मी परत कसा आलो ते सांगतो, कदाचित तुम्हाला उपयोगी पडेल. कोणी वाद घालून नाही आणलं. मावशीने एक दिवस मऊ मुगाची खिचडी पुढे ठेवली आणि म्हणाली, फळं सोडू नकोस, फक्त एवढी वाटीभर खा. बस. त्याच आठवड्यात दुपारची झापड कमी झाली. त्यांना पोळी की फळ असं निवडायला लावू नका, फळं ताटात राहू द्या.

---

पेजेचा_माणूस (मालवण)

आहारतज्ज्ञ ताईंचे आकडे बरोबर आहेत पण स्टार्चलाही लगेच देव्हाऱ्यात बसवू नका, त्याचाही इतिहास आहे आणि तो बऱ्याच लोकांच्या जिवावर बेतलेला आहे.

आमच्याकडे कोकणात आणि खाली गोव्यात उकडा तांदूळ खातात, लालसर, जाड, सकाळी त्याची पेज. शहरातले पाहुणे आले की नाक मुरडतात, पांढरा भात मागतात. पण भात सालासकट भिजवून, उकडून, वाळवून मग कांडला की वरच्या थरातलं बी१ जीवनसत्त्व दाण्यात आत उतरतं, आणि नंतर कोंडा निघाला तरी बरंचसं शिल्लक राहतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जातं. जावा बेटावर आयकमन नावाच्या डच डॉक्टरने १८९० च्या दशकात बघितलं की पॉलिश तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की बऱ्या होतात. माणसांतला बेरीबेरी तोच. त्या कामासाठी त्याला १९२९ चं नोबेल मिळालं. म्हणजे नुसत्या भातावर राहणारी माणसं पोट भरूनसुद्धा मेली, भात कुठला आणि बरोबर काय ह्यावर सगळं होतं.

ज्वारीचंही तसंच. १९६० च्या आसपास हैदराबादला डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया ह्यांनी दाखवलं की दख्खनमधल्या ज्या गरीब माणसांच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरं काहीच नव्हतं त्यांना पेलाग्रा व्हायचा, उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलायची, डोक्यावर परिणाम व्हायचा. त्यांनी ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीनकडे, म्हणजे प्रोटीनच्या एका घटकाकडे, बोट दाखवलं होतं. ताटात डाळ, दूध, भाजी येत गेली तसा तो आजार दिसेनासा झाला. ज्वारी उत्तम धान्य आहे, मीही खातो, पण एकटी नको.

आणि उपासाच्या साबुदाण्याचं म्हणाल तर तो नुसता स्टार्च, प्रोटीन नावालाही नाही. त्यात दाण्याचं कूट पडतं म्हणून खिचडीला काहीतरी अर्थ. एकादशी आणि दुप्पट खाशी उगीच नाही म्हणत.

त्यामुळे प्रश्न फळ का धान्य असा नाहीच आहे माझ्या मते. एकाच डब्यातलं खाल्लं की माणूस कुठेतरी अडकतो, धान्याच्या डब्यात जरा उशिरा अडकतो एवढंच.

---

केळीबागवाला (रावेर)

दादा, ताई, सगळं वाचलं. मी केळी पिकवतो त्यामुळे माझा जीव फळात आहे हे आधीच सांगतो. फळांची बदनामी नको एवढीच विनंती. आमच्याकडे वडील ७८ वर्षांचे आहेत, सकाळी शेतात दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे, दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा, भाजी. बीपीची गोळी नाही.

एक गोष्ट मात्र इथे कोणी लिहिली नाही. केळं स्वतःच आधी स्टार्च असतं आणि मग फळ होतं. घडावरून उतरवलेलं हिरवं केळं कापा, हाताला पिठासारखं लागेल, चीक येईल, ते बटाट्यासारखं शिजवून भाजी करतात, वेफर्स करतात. पिकवणीच्या खोलीत चार-पाच दिवस ठेवलं की तोच स्टार्च साखर होतो, साल पिवळी पडते, काळे ठिपके आले की तर जवळजवळ सगळी साखरच. म्हणून शुगरवाल्यांनी ठिपकेवालं अगदी पिकलेलं घेऊ नये, थोडी हिरवट देठाची घ्यावीत. आणि भाकरीचा घास नुसता तोंडात धरून बराच वेळ चावा, गोड लागायला लागेल, म्हणजे तिथेही लाळेने तेच काम सुरू केलं. मग हे इतकं वैर कशासाठी?

---

निफाडची_लेक (नाशिक)

केळीबागवाले दादा, हे वाचून दाखवलं ह्यांना. बाकी सगळं ऐकताना भिंतीकडे बघत होते, हे मात्र नीट ऐकलं. म्हणाले मग आपण हिरवट केळी घेऊ. एवढं बोलले हेच खूप आहे माझ्यासाठी. टेस्टना उद्या जातोय.

---

डायलिसिस_सिस्टर (संभाजीनगर)

ताई एक सूचना घाईत लिहितेय, ड्युटीवर आहे. शुगर किंवा बीपी जुनं असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय फळांचं डाएट कोणीच करू नये. किडनी अशक्त असली की पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि केळी, संत्री, खजूर, शहाळ्याचं पाणी ह्यातून ते भरपूर येतं, ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. आमच्याकडे असे पेशंट बघितलेत, नैसर्गिक आहे म्हणून रोज तीन शहाळी पिणारे. आणि चांदणीसारखे काप पडणारं कमरख तर किडनीच्या पेशंटने चाखायचंसुद्धा नाही, त्यातलं विष थेट मेंदूवर जातं. तुमच्या मिस्टरांची किडनी चांगली असेलच, पण इथे वाचणारे अजून कितीतरी असतील म्हणून लिहिलं.

---

निवृत्त_मास्तर_वर्धा

सेवाग्राम माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. फळांवर राहण्याचा प्रयोग आपल्याकडे नवा नाही आणि तो करणारा माणूस हट्टाच्या बाबतीत तुमच्या यजमानांच्या पुढचा होता.

गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ मध्ये दूध सोडलं आणि नंतर कॅलनबाख ह्या मित्राबरोबर शिजवलेलं अन्नही सोडलं. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल, हा त्यांचा आहार. नीट बघा, त्यात शेंगदाणे होते आणि तेल होतं, म्हणजे प्रोटीन आणि चरबी दोन्ही. नुसत्या फळांवर तेसुद्धा नव्हते. १९१४ ला लंडनमध्ये त्यांना फुप्फुसाच्या आवरणाची सूज आली, प्लुरसी म्हणतात ती. डॉ. जीवराज मेहतांनी दूध आणि धान्य घ्यायचा आग्रह केला, गोष्ट गोखल्यांपर्यंत गेली. गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांना ते गुरू मानत, त्यांनी सांगूनही गांधीजींनी एक दिवस विचाराला मागून घेतला आणि दूध नाहीच म्हणाले. पण आजार हटेना, तेव्हा ॲलिन्सन ह्या डॉक्टरच्या सल्ल्याने साधी भाकर म्हणजे पाव, कच्च्या भाज्या आणि फळं असं सुरू केलं. पुढे १९१८ ला खेडा जिल्ह्यात आमांशाने अगदी मरणाच्या दारात गेले, आणि मुंबईला डॉ. दलालांनी सांगितलं की दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गाई-म्हशीच्या दुधाचं व्रत आहे म्हणाले, तर कस्तुरबा शेजारून म्हणाल्या, मग बकरीचं घ्यायला काय हरकत. आणि त्यांनी घेतलं. ते दूध घेतल्याची टोचणी त्यांना शेवटपर्यंत राहिली, तसं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

तो आजार केवळ फळांमुळे झाला असं मी म्हणणार नाही, उपास आणि अतिश्रमही होते. पण शरीर उभं करायची वेळ आली तेव्हा फळं पुरली नाहीत. तुमच्या यजमानांना हे सांगा. आणि सूनबाई, ह्यात कस्तुरबांनी काय केलं तेही लक्षात घ्या. त्यांनी व्रत मोडायला सांगितलं नाही, व्रताच्या शेजारून वाट काढून दिली.

---

एडिसनकर (न्यू जर्सी)

तुमच्या नणंदेने जे पाठवलं त्याबद्दल, कारण आम्ही नवरा-बायको सव्वादोन वर्षं तसं जेवतोय.

डॉ. मॅकडुगल २०२४ मध्ये गेले. त्यांची गोष्ट अशी की सत्तरच्या दशकात ते हवाईमध्ये उसाच्या मळ्यावर डॉक्टर होते, तिथे जपान, चीन, फिलिपिन्समधून आलेली म्हातारी माणसं भात-भाजी खाऊन सडपातळ आणि काम करणारी, आणि त्यांची अमेरिकन जेवण जेवणारी नातवंडं लठ्ठ आणि आजारी. त्यावरून त्यांनी सगळं उभं केलं. ओकिनावाचंही उदाहरण लोक देतात, १९५० च्या आसपास तिथे साधारण दोन तृतीयांश कॅलरी एकट्या रताळ्यातून यायच्या आणि तिथली माणसं दीर्घायुषी म्हणून जगभर गाजली. पण त्यांच्या ताटात सोयाबीन, पालेभाजी, समुद्रातली वनस्पती आणि थोडे मासेही होते, ते लोक सांगायचं विसरतात. आणि २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बटाटा उत्पादकांच्या कमिशनच्या प्रमुखाने, क्रिस व्हॉइट, साठ दिवस रोज वीस बटाटे खाऊन दाखवले, नऊ-साडेनऊ किलो वजन उतरलं. त्याचा धंदाच बटाट्याचा होता, पण साठ दिवसांनी तो धडधाकट होता एवढं खरं.

गंमत म्हणजे, ज्याच्या नावाने दोन्ही बाजू साक्ष काढतात तो डॉक्टर केम्पनर. नाझींच्या काळात जर्मनी सोडून आलेला, ड्यूक युनिव्हर्सिटीत १९३९ पासून त्याने किडनी खराब झालेल्या आणि बीपी आभाळाला भिडलेल्या पेशंटना फक्त भात, फळं, रस आणि साखर दिली, मीठ जवळजवळ नाहीच, प्रोटीन फक्त २० ग्रॅम. बीपीची औषधंच नव्हती तेव्हा, आणि अनेकांचं बीपी उतरलं, डोळ्याच्या पडद्याचे फोटो सुधारले. पण ती माणसं मरायला टेकलेली होती आणि सतत रक्त-लघवी तपासून त्याच्या नजरेखाली होती. आपण घरी बसून तसं करायचं नाही. आणि बघा ना, त्यानेही भात आणि फळं एकत्रच दिली होती.

आमचा अनुभव: पहिल्यांदा मी नुसता बटाटा-भात-मका केला तर पोट भरायचं पण तासाभरात भूक, आणि जेवणानंतरची शुगर वर जायची. मग बायकोने ताट आईच्या घरासारखं केलं. वाटीभर वरण किंवा उसळ, मोठी भाजी, दोन ज्वारीच्या भाकऱ्या, शेवटी एक संत्रं. शुगर ताळ्यावर आली. लायसीन हा प्रोटीनचा एक घटक धान्यात कमी, डाळीत भरपूर, म्हणून वरण-भात ही जोडी. बी१२ ची गोळी मात्र दोघंही घेतो, व्हीगन कुठलंही असो, फळवालं किंवा स्टार्चवालं, बी१२ त्यात येत नाही.

---

निफाडची_लेक (नाशिक)

रिपोर्ट आले. एचबीएवनसी ५.८, म्हणजे उतरलंय, आणि हे त्यावरच बोट ठेवून बसले. पण बी१२ १४२ आलंय, खाली दोनशेची रेघ आहे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, जानेवारीत १६० होते ते २१२ झालेत. फेरिटिनही काठावर. क्रिएटिनिन, पोटॅशियम ठीक आहे, सिस्टरताई.

ट्रायग्लिसराइड कसे काय वाढले विचारत होते, तेल तर थेंबभर खात नाही मी.

---

आहार_आणि_आकडे (सोलापूर)

बरं झालं विचारलंत. चरबी फक्त तेलातून येते असं नाही. फळातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही. ग्लुकोज सगळ्या शरीराला वापरता येतं, फ्रुक्टोज मात्र बहुतेक सगळं लिव्हरकडे जातं. दोन फळांतलं लिव्हर आरामात सांभाळतं. पण दिवसभराचं जेवणच जर द्राक्षं, खजूर, चिकू असेल तर काही जणांचं लिव्हर जास्तीचं फ्रुक्टोज चरबीत बदलून रक्तात सोडतं, तेच ट्रायग्लिसराइड. सगळ्यांना होतं असं नाही, ह्यांना झालेलं असावं. भाकरीतल्या स्टार्चमध्ये नुसती ग्लुकोजची साखळी, फ्रुक्टोज नाही, हा दोघांतला एक मोठा फरक. पण भातही ढीगभर खाल्ला तर ट्रायग्लिसराइड वाढतातच, आपल्याकडे बहुतेकांचे त्यानेच वाढतात, हेही सांगून ठेवते.

एचबीएवनसी उतरल्याचं श्रेय त्यांना द्या, मनापासून द्या, सहा किलो उतरवणं सोपं नाही. फक्त आता पुढचं टिकायला हवं. आयसीएमआर आणि तिच्या पोषण संस्थेच्या (एनआयएन) २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५, भाज्या ४००, फळं १०० ग्रॅम असं दिलंय. ह्यांना फळं प्रिय आहेत तर मी २५०-३०० ग्रॅमपर्यंत फळं देईन आणि धान्य थोडं कमी करेन, पण डाळ कमी करणार नाही. ज्वारी-बाजरीबरोबर पेरूच्या फोडी किंवा लिंबू घ्या, व्हिटॅमिन सी असलं की धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. फेरिटिनसाठी तेच हवंय, फळाची खरी जागा भाकरीच्या शेजारी आहे. मूठभर शेंगदाणे किंवा तीळ घातले की पपईतलं कॅरोटीनही अंगी लागेल, त्याला थोडी चरबी लागते. आणि एकदम पोटभर भाकरी नको, सात आठवड्यांनी पोटाला सवय राहिलेली नसते, अर्धी-पाऊण भाकरी आणि पातळ मुगाच्या वरणापासून सुरू करा.

---

निफाडची_लेक (नाशिक)

सगळ्यांना सांगायचं होतं. काल रात्री मी काहीच बोलले नाही, मास्तरकाकांचं ऐकलं. ह्यांच्या ताटात नेहमीसारखी पपई आणि दोन हिरवट केळी ठेवली आणि बाजूला सासूबाईंनी केलेली अर्धी भाकरी आणि वाटीत मुगाचं वरण, वर लिंबू पिळून, तेल न घालता. बराच वेळ फळंच खात होते. मग भाकरीचा छोटा तुकडा मोडला, तोंडात धरून हळूहळू चावत राहिले, मला वाटतं केळीबागवाल्या दादांनी लिहिलं तसं गोड लागतं का ते बघत होते. वरण संपवलं. मग म्हणाले, सकाळी फळंच खाणार मी, रात्री हे चालेल. सासूबाई आत जाऊन उरलेलं पीठ मळायला बसल्या, त्यांना म्हटलं आई आज अर्धीच, तरी ऐकेनात.

मुलाच्या डब्यात आज बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि पेरू. बाबा जेवले म्हटल्यावर त्याने वाद घातला नाही.

एकच विचारायचंय, दूध-दही घ्यायला ते अजून तयार नाहीत. बी१२ ला गोळी पुरेल का?

---

आहार_आणि_आकडे (सोलापूर)

१४२ ला डॉक्टर कदाचित आधी इंजेक्शनं देतील, ते ठरवतील तो कोर्स पूर्ण करा, मग गोळी पुरते. दूध नको असेल तर नसू दे, कॅल्शियमला नाचणी, तीळ आणि पालेभाजी धरा. पुढे कधी शुगरला मेटफॉर्मिन सुरू झालं तर बी१२ पुन्हा नक्की तपासा, त्या गोळीनेही ते कमी होतं. तीन महिन्यांनी सगळ्या टेस्ट परत, आणि तेव्हा वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजून ठेवा.